हातसडीचा गिअर

स्पोर्ट्‌स कारमध्ये हाताने गिअर टाकायला आता कुठलंही व्यावहारिक कारण उरलेलं नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय आणली आणि ब्राझीलमधली पहिलीच शर्यत ती गाडी जिंकली. १९९७ मध्ये ती सोय फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीत उतरली. पुढे दोन क्लचचे गिअरबॉक्स आले. त्यांत पुढचा गिअर आधीच तयार होऊन बसलेला असतो, एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो आणि चाकांकडे जाणाऱ्या ताकदीत खंड पडत नाही. चालक कितीही मुरलेला असो, त्याच्या डाव्या हाताला आणि डाव्या पायाला हे साधायचं नाही. २०१३ साली पोर्शेने ९११ जीटी-थ्री ही गाडी फक्त अशाच गिअरबॉक्ससह बाजारात आणली, तेव्हा हिशेबाने पाहिलं तर वाद मिटला होता. गिऱ्हाइकांनी तो मिटू दिला नाही. २०१६ मध्ये त्याच कंपनीने ९११ आर नावाच्या फक्त ९९१ गाड्या काढल्या, सगळ्या हाताने गिअर टाकायच्या. त्या मूळ किमतीपेक्षा कितीतरी चढ्या भावाने पुन्हा विकल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये जीटी-थ्रीमध्येही गिअरची दांडी परत आली. माणसं जास्त पैसे मोजून कमी वेगाची वस्तू मागत होती. याला श्रीमंतांची हौस म्हणून सोडून देता येतं, आणि बरेच जण तेच करतात. मला मात्र त्यात धर्मविचारातला एक जुना प्रश्न दिसतो. जे काम यंत्र आपल्यापेक्षा चांगलं करतं ते आपल्या हाताने करत राहण्याला काही अर्थ आहे का? फळ दुसऱ्या वाटेने लवकर आणि जास्त चांगलं मिळत असताना एकाच वाटेला धरून बसणं ही निष्ठा म्हणायची की हट्ट? मोटारी यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे हा प्रश्न भाताच्या दाण्यावरून विचारला गेला होता. त्याचं उत्तर तपासून पाहायला कर्जत-खालापूरइतकी सोयीची जागा नाही. तिथे भात पिकतो, आणि तिथूनच बोरघाट चढायला लागतो.

हाताने गिअर टाकणाऱ्याला कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: गाडी आपल्या ताब्यात राहते. हे उत्तर टिकणारं नाही. ताबाच हवा असेल तर पट्ट्यांच्या गाडीत तो जास्त मिळतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात आणि बोटाने मागितलेला गिअर हमखास पडतो. दांडीच्या गाडीत नेमकी हीच हमी नसते. गिअरबॉक्सच्या पोटात वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग एकत्र आणायचे असतात. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. त्या रचनेच्या आजच्या रूपात या भागांच्या मध्ये एक पितळी कडं बसवलेलं असतं. दांडी ढकलली की हे कडं निमुळत्या पृष्ठभागावर घासायला लागतं, आणि दोन्हींच्या गती जुळेपर्यंत दातांना एकमेकांत शिरू देत नाही. तळहाताला जाणवतं ते हेच. आधी किंचित दाटपणा, मग अडवणूक सुटते आणि दांडी उरलेलं अंतर आपणहून ओढून घेते, शेवटी स्प्रिंगवर बसलेली गोळी खाचेत पडल्याचा बारीक ठोका. १९८९ साली आलेल्या माझ्दाच्या एमएक्स-५ या छोट्या गाडीची ख्याती इंजिनाच्या ताकदीसाठी कधीच नव्हती, गिअरच्या दांडीसाठी मात्र होती. ती थेट गिअरबॉक्सवर उभी असते आणि मनगटाच्या हालचालीएवढीच सरकते. इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांत हीच वार्ता लांब केबलमधून येते आणि वाटेत शिळी होते. जुन्या फेरारींची तऱ्हा आणखी न्यारी. धातूच्या उघड्या खाचांतून फिरणारी त्यांची दांडी गिअरबॉक्सचं तेल गार असेपर्यंत दुसऱ्या गिअरला सरळ नकार देते. मालक पहिल्यावरून तिसऱ्यावर जातात, तेल तापायची वाट पाहतात, आणि त्याच गाडीवर जीव टाकतात. ताबा हाच आनंद असता तर असली गाडी कुणी दारात उभी केली नसती. आवडतं ते वेगळंच काहीतरी आहे. यंत्राचा होकार आणि नकार दोन्ही तिथे हाताला कळतात. पट्टीच्या गाडीतही भलत्या वेळी खालचा गिअर मागितला तर संगणक नकार देतो, आणि तो नकार बहुतेक वेळा शहाणपणाचाच असतो. पण त्याची चौकशी आणि निवाडा दुसरीकडेच होतो, चालकाच्या हाती फक्त निकाल येतो.

खालापूरचा टोलनाका मागे टाकून गाडी सपाटीवर वरच्या गिअरला लागलेली असते तोवर गिअरचा प्रश्न झोपलेला असतो. खोपोली आली की तो जागा होतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर वर चढतो. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात हा घाट चाकांच्या वाहनांना खुला झाला, तेव्हापासून वर जाणाऱ्या प्रत्येक चाकाला आपली ताकद किती आणि ती कशी वापरायची याचा हिशेब इथे द्यावा लागला आहे. पेट्रोलचं इंजिन हे मुळातच अपुरं यंत्र आहे. ते फार हळू फिरलं तर दम तोडतं, फार जोरात फिरलं तर स्वतःला खातं, आणि त्याची खरी ओढ मधल्या एका पट्ट्यापुरतीच असते. या वैगुण्यामुळे गिअर जन्माला आले. शिंग्रोबाच्या देवळावरून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर एखादं वळण समोर आलं की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं. तेव्हा उजव्या पावलाचा पुढचा भाग ब्रेकवर असतो, त्याच पावलाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक टोला द्यायचा, इंजिनाचा आवाज दुसऱ्या गिअरला साजेल इतका वर न्यायचा, आणि तो तिथे पोचत असतानाच दांडी खाली ओढायची. जमलं तर गिअर दाराच्या कडीसारखा बसतो आणि गाडीला काही झाल्याचं कळतही नाही. नाही जमलं तर कडं अडवतं, क्लच सुटताना गाडी हिसका देते आणि शेजारी बसलेला माणूस आपल्याकडे बघतो. घाटातल्या ट्रक चालकांना हे सगळं स्पोर्ट्‌स कारवाल्यांपेक्षा जास्त कळतं. डबल क्लच मारून अवजड गाडीचा गिअर खाली आणणं ही त्यांच्या रोजच्या पोटापाण्याची विद्या आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा नियम उस्तादाकडून क्लीनरकडे पिढ्यान्‌पिढ्या गेला आहे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली, की इंजिनाने धरायचा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. या घाटातल्या कित्येक अपघातांची सुरुवात तिथेच होते. म्हणजे गिअर ही काही आनंदासाठी निघालेली वस्तू नव्हे. आनंद त्याला नंतर चिकटला.

आता भाताकडे वळू. दर्शपूर्णमास यागात पुरोडाश, म्हणजे आहुतीची भाकरी, करायचा असतो, त्यासाठी तांदूळ लागतो, आणि भात कांडून घ्यावा असं वेदवचन आहे. जैमिनीच्या सूत्रांपासून वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी या एवढ्याशा आज्ञेचा कीस काढला. पूर्वपक्षाचा आक्षेप अगदी आजच्या इंजिनिअरला शोभेल असा आहे. कांडण्याचा हेतू तूस काढणं हा उघड आहे, तूस तर नखांनी सोलूनही निघतं, मग कांडाच असं सांगायची गरज काय? सतराव्या शतकातल्या आपदेवांच्या ‘मीमांसान्यायप्रकाशा’त हे उदाहरण नियमविधीचं म्हणून येतं. हे आपदेव पैठणच्या एकनाथांच्या वंशातले मानले जातात. उत्तर थोडक्यात असं, की कांडल्याने तूस निघतं हे शिकवायला वेदाची गरज नाही, ते कुणालाही ठाऊक आहे. एकाच कामाला दोन साधनं उपलब्ध असली की माणूस कधी हे घेईल, कधी ते. ही आज्ञा त्याची ती मोकळीक काढून घेते आणि एका साधनाला बांधते. तूस निघणं हे दृष्ट फळ, ते दोन्ही वाटांनी सारखंच मिळतं. नियम पाळल्याचं जे अदृष्ट फळ असतं, नियमापूर्व म्हणतात ते, मात्र कांडणाऱ्यालाच मिळतं. या उत्तराला एक कडक अट आहे आणि माझा पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. नियम दृष्ट कामाला बाजूला सारत नाही. मुसळ उखळात नुसतं आपटून चालत नाही, तूस खरोखर निघावं लागतं. अदृष्ट फळ त्या खऱ्या कामाच्या खांद्यावर बसूनच येतं.

हाताने टाकलेला गिअर हा याच जातीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. दोन क्लचचा गिअरबॉक्स म्हणजे नखांपेक्षा कितीतरी चलाख साधन, तूस तो एका क्षणात काढतो. दांडी धरणारा हे जाणतो आणि तरीही कांडतो. मीमांसक इथे मला अडवेल. यज्ञात नियम सांगणारा वेद आहे, तुझ्या चालकाला कुणी सांगितलंय? त्याने स्वतःच स्वतःला घातलेला नियम उद्या तो स्वतःच मोडेल. हा आक्षेप वजनदार आहे. त्याला माझं उत्तर असं, की स्वतः स्वीकारलेला नियम आपल्या परंपरेला काही अपरिचित नाही, त्याला व्रत म्हणतात. आणि व्रताला बळ येतं ते संकल्पाने. हातावरून उदक सोडलं की मधेच उठता येत नाही. दांडीची गाडी घेऊन घाटाला लागणं हा तसा संकल्प आहे. शोरूममध्ये त्याला पर्याय होता, खोपोलीच्या वर पहिल्या वळणावर तो उरलेला नसतो. तिथे गिअर पडला नाही तर दुसरं कुणी तो टाकणार नाही. मात्र एका बाबतीत मी मीमांसकांची साथ सोडतो. हे फळ अदृष्ट आहे असं मला मानावं लागत नाही. ते दिसतं, फक्त रस्त्यावर न दिसता करणाऱ्यात दिसतं. हाताने गिअर टाकणारा वळणाच्या आधी विचार करतो, कारण वळणात शिरल्यावर उशीर झालेला असतो. त्याचा कान इंजिनाकडे लागलेला असतो. आपली इच्छा आणि समोरच्या वस्तूची गती जुळेपर्यंत थांबायचं असतं, ढकलून उपयोग नसतो, हे त्याला कुणी समजावत नाही. पितळी कडं ते त्याच्या हाताकडून करवून घेतं. ऑटोमॅटिक गाडी चालवणारा इतकाच सावध असू शकतो, असतोही. पण ती सावधानता त्याच्याकडे कुणी मागत नाही, आणि न मागितलेली गोष्ट देत राहायला माणूस फारच थोर असावा लागतो. गिअरकडे लक्ष गेलं की रस्त्यावरचं लक्ष उडतं, असंही म्हटलं जातं. शिकाऊ माणसाच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. मुरलेल्या हाताला मात्र गिअरचा विचार करावा लागत नाही, मन मोकळं राहतं आणि कान जागा राहतो.

सगळ्यात अवघड आक्षेप चालकांकडून येत नाही, तो श्रमाच्या बाजूने येतो. घाटात दिवसरात्र ट्रक ओढणाऱ्याचा डावा गुडघा, मुंबईच्या गर्दीत तासाभरात शेकड्यांनी क्लच दाबणाऱ्या टॅक्सीवाल्याची कंबर, यांच्यासमोर दांडीच्या व्रताची भाषा करणं हे निर्लज्जपणाचं नाही का? भातालाच हा प्रश्न आधी लागू होतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेली ‘कर्जत-३’सारखी जात लावणारा शेतकरी आज आपला भात गिरणीत नेतो. त्याच्या आजीने मात्र पहाटे उठून उखळात मुसळ घातलं होतं, आणि ते नियम म्हणून घातलं नव्हतं. दुसरा इलाज नव्हता म्हणून घातलं होतं. भाताची गिरणी गावात आली तेव्हा कांडणाऱ्या बायकांपैकी एकीनेही मुसळासाठी डोळ्यांत पाणी आणलं असेल असं मला वाटत नाही, आणण्याचं कारणही नव्हतं. त्यांच्या कांडणाच्या ओव्यांवर लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये. इथे मीमांसेचं शास्त्र आपल्याला भलतीकडे जाऊ देत नाही. नियमविधी लागू व्हायला दुसरं साधन हाताशी असावंच लागतं. जिथे एकच वाट आहे तिथे ती निवडल्याचं पुण्य नाही, तिथे नुसती गरज आहे. म्हणून ट्रकवाल्याच्या डबल क्लचचं मी कौतुक करतो, पण त्याला साधना म्हणत नाही. त्याच्या गाडीला स्वयंचलित गिअर मिळाले तर ते चांगलंच झालं असं मी म्हणेन. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमधून क्लचचं पेडल काढून घेतलं. यंत्राने स्वतः गिअर टाकण्याची ती स्वस्तातली युक्ती होती, चढावर ती डुलकी घेत घेत गिअर बदलायची आणि शौकिनांनी तिला नाकं मुरडली. शहरातल्या कित्येक डाव्या पायांना तिने सुटका दिली, आणि माझ्या तराजूत ही सुटका शौकिनांच्या नाकापेक्षा जड आहे. आज शहरात हातसडीचा तांदूळ गिरणीच्या तांदळापेक्षा महाग विकला जातो. त्याच्या किमतीत सत्त्व किती आणि मिरवणं किती हे ज्याचं त्याने पाहावं. पण ज्याला पर्याय मिळाला त्यालाच हा नियम घेता येतो, एवढं त्यातून स्पष्ट होतं. ते व्रत गरिबाच्या गळ्यात मारता येत नाही.

पर्यायाचीच गोष्ट पुढे नेली तर आपण विजेच्या गाडीपाशी येतो, आणि इथे मीमांसकांनी आपल्यासाठी जणू मुद्दाम एक उदाहरण राखून ठेवलं आहे. विजेच्या मोटरला पेट्रोलच्या इंजिनाचं वैगुण्य नसतं. ती जागच्या जागी, शून्य गतीपासूनच पूर्ण ओढ देते. त्यामुळे तिला बहुधा एकच ठरलेला गिअर पुरतो. तरीही ह्युंदाईने २०२३ च्या आयोनिक ५ एन या गाडीत खोटे गिअर घातले. पट्टी दाबली की संगणक मोटरची ताकद क्षणभर तोडतो, गाडी हिसका देते, स्पीकरमधून इंजिनाचा आवाज चढतो-उतरतो. चालवणाऱ्यांना ते आवडतं, आणि आवडण्यावर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न असा, की हे कांडणं आहे का? दीर्घायुष्याची इच्छा असणाऱ्यासाठी एक इष्टी सांगितली आहे. तिच्यात तांदळाऐवजी सोन्याचे शंभर दाणे, कृष्णल, तुपात शिजवायचे असतात. मूळ यागातले सगळे विधी इथे लागू होतात, मग कांडणंही लागू व्हावं की नाही? मीमांसकांचा निकाल स्पष्ट आहे. सोन्याच्या दाण्याला तूस नाही, म्हणून कांडायचं नाही. हेतूच नाहीसा झाला की कर्म आपोआप गळतं. याला ते बाध म्हणतात, आणि बाध झालेलं कर्म न करण्यात काही उणेपणा नाही. विजेची मोटर हा सोन्याचा दाणा आहे. तिच्यावर मुसळ घालणं म्हणजे उखळाचा आवाज काढणं. एखादा चलाख पूर्वपक्षी म्हणेल की तुमच्याच शास्त्रात ते सोनं तुपात शिजवतात ना, सोनं काही शिजून मऊ होत नाही, म्हणजे निष्फळ कर्मालाही तिथे जागा आहे. आहे, पण शिजवण्याची आज्ञा त्या इष्टीत वेगळी आणि थेट दिलेली आहे, आणि ती देणारा करणाऱ्याच्या बाहेरचा आहे. खोट्या गिअरची आज्ञा चालक स्वतःलाच देतो, आणि एका बटणाने भर घाटात मागेही घेतो. तिथे संकल्प नाही, आणि अडवणारं कडंही नाही. गिअर चुकला तर संगणक चुकल्याचं सोंग काढतो.

सोंग हा शब्द वापरला की लगेच शिंग्रोबा आठवून कुणीतरी म्हणेल, मग घाटात नाणी टाकणारे चालक काय करतात? कथा अशी, की घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्यालाच गोळी घातली. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, आणि जाता जाता नाणं टाकून पुढे जाण्याची चालकांची रीत आहे. त्या नाण्याने ब्रेक सुधारत नाही, हे टाकणाऱ्यालाही कळतं. पण ते नाणं ब्रेक सुधारल्याचा आवही आणत नाही. ती कृतज्ञता आहे, थोडी धास्तीही असेल, आणि ती तेवढीच असल्याचं सांगते. निष्फळ दिसणाऱ्या सगळ्या कर्मांना एकाच पोत्यात भरणं ही आधुनिक माणसाची घाई आहे. नाणं, कांडणं आणि खोटा गिअर ही तीन निराळी कर्मं आहेत. त्यांतलं तिसरंच तेवढं न झालेलं काम झाल्याचं भासवतं.

गीतेकडून येणारा आक्षेप मला जास्त बोचतो. कर्मातलं कौशल्य ठीक, पण गिअर बसल्याचा जो ठोका तळहाताला हवाहवासा वाटतो तो इंद्रियसुखच नाही का? व्रताच्या नावाखाली हा भोगच चालला आहे. यातलं बरंचसं मला मान्य आहे. वातानुकूलित गॅरेजमध्ये भाव चढेपर्यंत झाकून ठेवलेली ९११ आर ही कांडत नाही आणि शिजवतही नाही. शहरी दिवाणखान्यात शोभेला ठेवलेल्या उखळाचंच ते भावंड. बोगद्यात शिरल्यावर उगाच खालचा गिअर टाकून आवाज घुमवणाऱ्याचं काय करावं हे पोलिसांना ठाऊक असावं. घाट ही शर्यतीची जागा नाही. समोरून एसटी येते, कडेला पंक्चर झालेला टेम्पो उभा असतो, आणि दुसऱ्याच्या जिवावर उठणारं व्रत कुठल्याही शास्त्रात व्रत नसतं. पण या आनंदाला वेग लागत नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूची आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सायकलस्वारालाही घाबरवणार नाही इतक्या बेताने चढतानाही तो पूर्ण मिळतो. म्हणूनच एमएक्स-५ सारखी कमी ताकदीची गाडी त्याचा सर्वोत्तम नमुना ठरते आणि पाचशे-सहाशे अश्वशक्तीची गाडी घाटात नुसती वैतागते. शिवाय या सुखाचा क्रम पाहण्यासारखा आहे. गिअर पडताना लक्ष सुखाकडे असेल तर तो चुकतो. लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे असेल तर पडतो, आणि सुख मागून येतं. जे सुख मागितल्यावर मिळत नाही आणि विसरल्यावर मिळतं, त्याला सरसकट भोगाच्या रकान्यात टाकायला मी तयार नाही. पण दुसऱ्या रकान्यात टाकण्याइतका माझा अधिकारही नाही.

मग हे किती दिवस चालणार? घाटच मागे पडत चालला आहे. मिसिंग लिंक म्हणून ओळखला जाणारा खोपोली ते कुसगाव रस्ता दोन बोगदे आणि दरीवरच्या एका उंच पुलाने घाटाला वळसा घालण्यासाठीच आखला गेला. रेल्वेने तर हा धडा आधीच गिरवला आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, चढ सदतीसाला एक इतका खडा. म्हणून कर्जतला गाडी थांबवून मागे बँकर इंजिनं जोडायची, ती गाडीला खंडाळ्याकडे ढकलत न्यायची. त्या थांब्यावर कर्जतचा वडा मोठा झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या मोटरी डब्याडब्यांखाली वाटून दिलेल्या असल्याने ती बँकरशिवाय घाट चढते. तिच्या बाबतीत बँकर जोडणं बाध पावलं, आणि नियम मोडला म्हणून कुणी प्रायश्चित्त घेतलं नाही. परंपरा राखायची म्हणून तिच्यामागे एखादं बंद इंजिन नुसतं दोरीने बांधावं असं कर्जतमधला कट्टर वडाप्रेमीही सुचवणार नाही. पेट्रोलचं इंजिन जाईल तेव्हा गिअरची दांडीही अशीच जावी. तिची नक्कल करू नये, आणि तोवर जी खरी आहे तिला जुनाट म्हणून हिणवूही नये.

सीमेवरचं एक प्रकरण मात्र मीमांसकांना चांगले तीन दिवस पुरलं असतं. स्वीडनच्या कोनिगसेगने २०२२ मध्ये सीसी ८५० नावाची गाडी दाखवली. तिचा एकच गिअरबॉक्स नऊ गिअरचा ऑटोमॅटिकही होतो आणि सहा गिअरचा हाताचाही. आतले गिअर खरे, इंजिन पेट्रोलचं, म्हणजे तूस आहे. दांडी आणि क्लचचं पेडल मात्र विजेच्या तारांनी बोलतात, पायाला लागणारा दाब कारागिराने ठरवलेला. मुसळ खरं की खोटं? नक्कल म्हणून तिला बाजूला काढायला माझा हात पुढे झाला होता, पण एका गोष्टीपाशी अडला. त्या गाडीत क्लच चुकीचा सोडला तर इंजिन खरोखर बंद पडतं. मी तिला पंगतीत बसवीन. आयोनिकमध्ये बंद पडायला काही नाहीच. सीसी ८५० मात्र शिंग्रोबाच्या वरच्या चढावर बंद पडली, तर मागे उभ्या ट्रकचा हॉर्न ऐकत, हँडब्रेक धरून, हाफ क्लचवर तिला पुन्हा उचलावीच लागेल.